दोनशे केबीच्या आत

२ फेब्रुवारी

दुकान उघडून आज तीन महिने झाले. फॉर्म भरणे, प्रिंट काढणे, दाखले मागवणे अशी पाटी मी हौसेने रंगवून घेतली होती, पण आमच्या चिन्नापाक गावात माझी ओळख वेगळीच झाली आहे. सरकारी पोर्टलला फोटो पन्नास केबीच्या आत लागतो, सही वीसच्या आत, आणि लोकांच्या मोबाईलमधले फोटो पाच-सहा हजार केबीचे. मग सगळे माझ्याकडे येतात. काल मल्लव्वा पिठाच्या गिरणीतून थेट इकडेच आली आणि म्हणाली, "शिरीषा, हा नातवाचा फोटो पण बारीक दळून दे." दिला दळून. अर्ध्या मिनिटाचं काम.

नायना, म्हणजे माझे वडील एल्लय्या, रोज सकाळी दुकानात येऊन बसतात. जागा त्यांच्या जुन्या मार्कंडेय फोटो स्टुडिओची. पुढचा भाग मी घेतला, मागची खोली दोन वर्षं कुलपात आहे. घरोघरी मोबाईल आले आणि वडिलांचा स्टुडिओ बसला, हे काही एकट्या आमच्याच घरात झालेलं नाही. पेपर वाचायला येतो म्हणतात, पण नजर गिऱ्हाइकावर. आज एका मुलाला म्हणाले, भिंतीपासून दोन हात पुढे उभा राहा, मागे सावली पडते. मुलगा हसला. मला इतकं कानकोंडं झालं! दुकान माझं आणि सूचना यांच्या. अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, बसू दे ना गं, घरी बसले की छताकडे बघत बसतात.

९ फेब्रुवारी

आज बिक्षपती तातय्या आले, सगळ्या गावाचे आजोबा. आमच्या विणकर वाड्यात लाल-काळा-पांढरा तेलिया रुमाल अजून पूर्ण आपल्या हाताने करणारे ते एकटेच उरलेत. सूत तेलात भिजवायचं, धागे बांधून रंगवायचे, उभे वेगळे आणि आडवे वेगळे, आणि मागावर ते असे भेटवायचे की नक्षी आपोआप उमटावी. त्यांच्या अंगालाही त्या तेलाचा वास असतो. दुकानात शिरले की पाहायची गरज पडत नाही.

हातमाग खात्याची एक योजना आहे. गुरू विणकर म्हणून निवड झाली तर घरीच सहा जणांना शिकवायचं, माग आणि सूत सरकारचं. तातय्यांची दोन्ही मुलं सुरतेला गेली. सहा मुली त्यांनी आधीच हेरून ठेवल्यात, त्यांच्या आयांशी बोलूनही झालंय. अट एकच, वय पासष्टच्या आत. आधारवर त्यांचा जन्म एक जुलैचा आहे. आमच्या गावातले निम्मे म्हातारे एक जुलैला जन्मले, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोपी पडली. खरं असो खोटं असो, येत्या एक जुलैला त्यांना पासष्ट पूर्ण. योजना वर्षातून एकदाच निघते. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

नमुन्याचे चार फोटो हवेत, प्रत्येकी दोनशे केबीच्या आत. मी त्यांच्या अंगणात जाऊन मोबाईलवर काढले. रुमाल दोरीवर, मागे कडुलिंब. छान हिरवंगार आलंय.

१० फेब्रुवारी

फोटो लहान केले, पण रुमाल पार गढूळ झाला. नेहमीचं अॅप, दर्जाची पट्टी खाली ओढली, दोनशेच्या आत बसेपर्यंत. लाल रेघा काळ्यात सांडल्या, चौकोन चौकोन दिसायला लागले. मग मी डोकं लढवलं. दुसऱ्या अॅपमध्ये कडा धारदार करायचं बटण आहे, ते तीनदा दाबलं. काय सुरेख आलं! रेघ न् रेघ पट्टीने मारल्यासारखी. अर्ज पाठवला.

नायना मागून बघत होते. म्हणाले, "हे बिक्षपतीचं काम वाटत नाही." मी म्हटलं, नायना, आता फिल्मचा जमाना नाही. ते पेपर वाचू लागले. पेपर कालचाच होता.

५ मार्च

अर्ज फेटाळला. "नमुना छापील कापडाचा दिसतो, हातमागाचा नाही. आक्षेप असल्यास दहा दिवसांत नवीन छायाचित्रांसह कळवावे."

तातय्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना आधी वाटलं मी चुकून दुसऱ्याचं वाचतेय. मग "छापील" एवढंच दोनदा म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. मी सांगितलं, अधिकाऱ्यांना काही कळत नाही. नायना तिथेच होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चूक माझी आहे का? अधिकारी रोज शेकडो फोटो बघतात, एखाद्याला डुलकी लागली असेल.

७ मार्च

चूक माझीच आहे. आज एका साडीच्या दुकानाच्या पानावर छापील नकला बघितल्या आणि शेजारी मी पाठवलेला फोटो ठेवला. सख्ख्या बहिणी.

बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेलीय. तिथे कुणीतरी तातय्यांना विचारलं, छपाईचं मशीन कुठे लपवलंय, आम्हालाही दाखवा. ते सगळ्यांबरोबर हसले म्हणे. पण अम्मा सांगत होती, लक्ष्मम्मा, म्हणजे त्यांची बायको, पाण्याला आली तेव्हा रडली. दोन दिवस झाले, ते मागावर बसलेले नाहीत. एका मुलीची आई येऊन विचारून गेली, नसेल होत तर आम्ही पोरीला शिवणकामाला घालतो.

आता सांगायला हवं. उद्या सांगीन.

८ मार्च

सांगितलं. वाटेत दोनदा परत फिरले, तरी सांगितलं. म्हटलं, तातय्या, चूक अधिकाऱ्यांची नाही, मीच फोटो सुबक करायला गेले. ते म्हणाले, दाखव. मी अंगणातला मूळ फोटो आणि पाठवलेला, दोन्ही मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवले. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

"ही रेघ माझी नाही बिड्डा," ते म्हणाले. "माझी रेघ जराशी विस्कटते. धागा बांधून रंगात बुडवला की रंग गाठीखालून थोडा चालत जातो. किती चालू द्यायचा, ते शिकायला मला अकरा वर्षं लागली. तू तेवढंच नेमकं पुसलंस."

रागावले नाहीत. बिड्डा म्हणाले, स्वतःच्या लेकराला म्हणावं तसं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लक्ष्मम्माने जोंधळ्याची भाकरी आणि चिंचेचं पच्ची पुलुसु वाढलं, ते मी मान खाली घालून जेवले. निघताना म्हटलं, सात दिवस आहेत, मी करते. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

९ मार्च

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून नुसती शिकत बसले. चार महिने मी फोटो दळत होते, पण जातं कसं चालतं ते बघितलं नव्हतं. एकेक चूक लिहून ठेवते, म्हणजे लाज वाटून लक्षात राहील.

पहिली चूक. फोटो चार हजार ठिपके रुंद होता. तो तेवढाच ठेवून मी दर्जा तळाला नेला. म्हणजे चार खणांचं कापड सहा जणींना पुरवायला ताणून ताणून विरवलं. पोर्टलवर हजार ठिपक्यांपेक्षा रुंद काही दिसतच नाही. आधी मापच हजारावर आणायचं, मग दर्जा फार उतरवावा लागत नाही.

दुसरी. अॅप उजेड-अंधार नीट जपतं, पण रंग मोघम ठेवतं, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातली चूक सहसा कळत नाही. चेहऱ्याला ते चालतं. तेलिया रुमालात लालाला लागून काळं, तेही धाग्याएवढं. तिथे मोघम चालत नाही. संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये रंग पूर्ण ठेवायची सोय आहे. मी ती कधी उघडून बघितलीच नव्हती.

तिसरी सगळ्यात वाईट. दोनशे केबीतले निम्मे त्या कडुलिंबाने खाल्ले. फाईलला काय कळतं, रुमाल कुठला आणि पानं कुठली? जिथे बारीकसारीक फार, तिथे ती जागा जास्त खाते. मी तातय्यांच्या रुमालापेक्षा झाडाची पानं जास्त इमानाने पाठवली. खाली एक कोंबडीही होती. तीही आली असणार.

१० मार्च

रुमाल एका दिवसापुरता मागवून घेतला आणि दुकानातल्या भिंतीवर लावून ट्यूबच्या उजेडात पुन्हा फोटो काढले. माप हजार, रंग पूर्ण, मागे पानं नाहीत. तरी जमेना. लाल रंग विटकरी दिसतो आणि अंधाऱ्या भागात मुंग्यांसारखे बारीक ठिपके आलेत. त्या मुंग्याही केबी खातात.

नेमके त्याच वेळी नायना आले, हातात करड्या कापडाचं बोचकं. जुनी चादर असावी. म्हणाले, शिरीषा, जरा ट्यूब बंद कर. वीस फोटो वाया गेलेले, दिवस पाच उरलेले, माझा तोल गेला. मी म्हणाले, "नायना, तुमचा स्टुडिओ तुमच्या उजेडातच बुडाला ना? मला माझं काम करू द्या."

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. ते बोचकं काखेत घेऊन घरी गेले.

११ मार्च

नायना आज आले नाहीत. खुर्ची रिकामी. त्यांना काय, एक दिवस विश्रांती. मलाही शांतपणे काम करता आलं.

काम काहीच झालं नाही.

१२ मार्च

आजही नाहीत. दुपारी अम्मा डबा घेऊन आली आणि समोर उभी राहिली. तिला म्हटलं, घरी बसून काय करतात? ती म्हणाली, घरी कुठे असतात, काल आणि आज सकाळी बिक्षपतीच्या घरी होते. रुमाल अंगणात, ओसरीत, मागाच्या खोलीत, असा जागोजागी धरून बघतात. लक्ष्मम्माने विचारलं, काय शोधताय एल्लय्या, तर म्हणाले, उजेड.

डबा तसाच राहिला. अम्मा जाताना म्हणाली, "तू बोललीस ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी पलीकडच्या शिंप्याकडून ऐकलं."

मी फार वाईट आहे. हे इथे लिहायला सोपं आहे. त्यांच्यासमोर म्हणायला जमेल का, ठाऊक नाही.

१३ मार्च

नऊ वाजता दुकानात पोचले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत झाडलोट झालेली, पूर्वेच्या खिडकीला पातळ पांढरं मलमल लावलेलं, आणि भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडलेलं करडं कापड. चादर नव्हती ती. एवढीशीही चुणी नाही, इस्त्री करून आणलेलं. नायना स्टुलावर उभे राहून वरचा खिळा ठोकत होते.

मी म्हटलं, नायना, त्या दिवशी मी जे बोलले... त्यांनी मागे न बघता सांगितलं, "हातोडी धर."

बस, एवढंच. मी हातोडी धरली.

साडेनऊला तातय्या रुमाल घेऊन आले, कारण नायनांनीच बोलावलं होतं. नायनांचा जुना डिजिटल कॅमेरा मोठा, काळा. त्याची बॅटरी मी भरून दिली, तेवढंच माझं काम. रुमाल पडद्यापुढे ताणून बसवला. मग नायना बसून राहिले. मी विचारलं, काढा ना. म्हणाले, दहा वाजू देत. दहाला खिडकीतून उजेड आडवा आला आणि रुमालावर धागा न् धागा उठला. मी जन्मापासून तेलिया रुमाल बघतेय, पण असा बघितला नव्हता.

"समोरून उजेड मारला की कापडाचा कागद होतो," नायना म्हणाले. "बाजूने आला की धाग्याची सावली पडते. छापलेल्याला सावली नसते."

तातय्या पुढे झाले आणि रुमालाचा एक कोपरा बोटाने किंचित सैल केला, ताणामुळे वीण उघडी पडत होती म्हणून. नायनांनी मान डोलावली. दोघं तासभर एकमेकांशी धड चार वाक्यं बोलले नाहीत आणि एकदाही चुकामूक झाली नाही. समोरची बाजू, मागची बाजू, मागावरचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, आणि एक अगदी जवळून, जिथे उभा लाल धागा आडव्या काळ्याला भेटतो.

फोटो संगणकावर घेतले. मुंग्या नाहीत. मागचं करडं इतकं सपाट की ते जवळजवळ काहीच जागा मागत नाही, सगळे केबी रुमालाला. माप हजार, रंग पूर्ण, दर्जा भरपूर वरती, धार लावायच्या बटणाकडे बोट नेलंसुद्धा नाही. एकशे एक्याण्णव. एकशे शहात्तर. एकशे ऐंशी. जवळचा एकशे सत्त्याण्णव. नायनांना केबी म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही. फोटोत नको ते येऊ देऊ नये, एवढंच ते तीस वर्षं लोकांना सांगत आले, आणि मी त्याला जुनं खूळ म्हणत होते.

तातय्यांनी जवळचा फोटो बघितला. लालाच्या कडेला रंग केसभर पुढे चाललेला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा मी."

१४ मार्च

पाठवला. पोच आली.

३० मार्च

उगादी. अम्माने पच्चडी केली, कडुलिंबाची फुलं जरा जास्तच पडली. पोर्टलवर रोज बघते, "विचाराधीन". तातय्या मागावर बसू लागलेत, पण हात धिमा आहे असं लक्ष्मम्मा म्हणते. ती शिवणकामवाली आई सोमवारपर्यंत थांबते म्हणाली. हा तिचा तिसरा सोमवार. बाई चांगली आहे.

नायना आता सकाळी माझ्या आधी येतात. मागच्या खोलीत काय करतात कोण जाणे. काल विचारलं तर म्हणाले, खिडकीची काच पुसतो. एक काच किती दिवस पुसायची?

९ एप्रिल

तपासणीला अधिकारी बाई आल्या. बरोबर आमचे चार फोटो छापून आणले होते. रुमाल हातात घेतला, उलटा केला, खिडकीशी नेला, फोटोशी ताडून बघितला. मग त्यांनी तातय्यांना मागावर बसायला सांगितलं आणि स्वतः ओट्यावर बसल्या. पंधरा मिनिटं माग चालला. मी दाराआड उभी राहून नखं खाल्ली.

उठताना बाई म्हणाल्या की पहिल्या अर्जावर "छापील" हा शेरा त्यांनीच मारला होता. त्यांनी माफी मागायच्या आत मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं, बटण तीनदा दाबल्यापासून. सगळ्यांदेखत. तातय्या म्हणाले, जाऊ द्या मॅडम, पोरीने माझी रेघ सरळ केली, माझी बायको चाळीस वर्षं मलाच सरळ करतेय. बाई हसल्या. पण निर्णय समितीचा, असं सांगून गेल्या.

२१ एप्रिल

झालं! "निवड" असा शब्द पोर्टलवर आला, मी पान तीनदा पुन्हा उघडून बघितलं. पळतच गेले. तातय्या मागावर होते. ऐकलं, हातातला धोटा एकदा पलीकडे फेकला, ओळ पूर्ण केली आणि मगच उठले. डोळे पुसायला उपरणं सापडेना, मग लक्ष्मम्माच्या पदराने पुसले. ती म्हणाली, "तेलाचे हात लावू नका." आणि स्वतः रडत होती. वय चौसष्ट, महिने नऊ, दिवस वीस. मी मोजले.

२८ एप्रिल

सहा मुलींची नोंदणी करायची आहे. प्रत्येकीचा फोटो, पन्नास केबीच्या आत. तातय्या स्वतः सगळ्यांना घेऊन आले, ओळीने, शाळेत न्यावं तसं. शिवणकामवाल्या आईची मुलगी सगळ्यात पुढे, तिचं नाव नागमणी. वेणीत मोगरा, कपड्यांना कडक इस्त्री.

मी सवयीने मोबाईल उचलला, आणि परत ठेवला. नायना मागच्या खोलीच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट घातलेला, केस विंचरलेले. काच पुसायला इतकं कुणी नटत नाही.

एकेक मुलगी आत जाऊन स्टुलावर बसली. आतून आवाज येत होता. "हनुवटी जरा खाली, बिड्डा. मी फोटो काढतोय हे विसर. काल काय जेवलीस ते सांग." मग हसू, मग टक्. सहाही फोटो बेचाळीस ते सत्तेचाळीसच्या मधे बसले. दर्जा कुठे उतरवावा लागला नाही. दुकानात इतकी निवांत मी कधी बसले नव्हते.

नागमणी बाहेर आली, संगणकावर स्वतःचा चेहरा बघून लाजली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, अक्का, ते आजोबा तुमच्या दुकानात कामाला आहेत का?

मी म्हटलं, "नाही गं. मी त्यांच्या दुकानात आहे."